‘चाललंच नाही तर?’ हाही सुनावणीचा विषय आहे

पर्यावरणाच्या जनसुनावणीला जाऊन बसलेल्या माणसाला एक वाक्य पाठ असतं: “हा आजच्या सुनावणीचा विषय नाही.” धुळीबद्दल बोला, विहिरींबद्दल बोला, नोकऱ्यांबद्दल तर हवं तितकं बोला, कुणी अडवत नाही. पण हा प्रकल्प ठरल्याप्रमाणे चाललाच नाही तर काय, तोवर झालेला खर्च कुणाच्या माथी, घेतलेल्या जमिनीचं आणि राखून ठेवलेल्या पाण्याचं काय, असं कुणी विचारलं की माइक पुढच्या माणसाकडे सरकतो. कोळशाच्या वायूकरणासारख्या प्रकल्पात मला हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारण्यासारखा वाटतो. शिवाय तो पैशाइतकाच पर्यावरणाचाही आहे.

आत्ताच हे लिहिण्याचं कारण आहे. २०३० पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळशाचं वायूकरण करायचं उद्दिष्ट केंद्र सरकारने ठरवलं आहे. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला असे प्रकल्प येऊ घातले आहेत. ते विजेपेक्षा रसायनांचे आहेत, पण मधलं यंत्र तेच: गॅसिफायर.

या यंत्रात कोळसा नेहमीसारखा जाळत नाहीत. प्रचंड दाबाखाली आणि तापमानात त्याला मोजका ऑक्सिजन आणि वाफ देतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण निघतं. ते साफ करून टर्बाइनमध्ये जाळलं की वीज, आणि रसायनांच्या कारखान्यात पाठवलं की अमोनिया किंवा मिथेनॉल. कागदावर हे सगळं देखणं आहे. गंधक आधीच वेगळं काढता येतं, कार्बन डायऑक्साइड पकडणंही नेहमीच्या वीजकेंद्रापेक्षा सोपं. अडचण कागदाबाहेर आहे. प्रत्येक खाणीचा कोळसा वेगळा, त्यातली राख वेगळी, ओल वेगळी. आणि गॅसिफायर हे भलतं नाजूक प्रकरण आहे. एका कोळशावर सुरळीत चाललेलं यंत्र दुसऱ्या कोळशावर मान टाकतं. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांच्या घरात असतं. परदेशी बनावटीची बरीच यंत्रं इतकी राख गृहीत धरून बनवलेलीच नाहीत.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात केम्पर नावाची काउंटी आहे. पूर्वेकडचा जंगलाचा, विरळ वस्तीचा भाग, लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास, आणि जमिनीखाली लिग्नाइट, म्हणजे ओलसर, हलक्या प्रतीचा कोळसा. मिसिसिपी पॉवर या कंपनीने तिथे ५८२ मेगावॅटचं वायूकरण वीजकेंद्र उभारायचं ठरवलं. लिग्नाइटचा वायू करायचा, त्यातला ६५ टक्के कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि जुन्या तेलविहिरींतून उरलंसुरलं तेल बाहेर ढकलायला तो विकायचा, असा बेत होता. केंद्रीय ऊर्जा खात्याने २७ कोटी डॉलर देऊ केले होते. गंमत अशी की हे अनुदान मुळात फ्लोरिडातल्या ओरलँडोच्या प्रकल्पासाठी होतं. तो प्रकल्प २००७ मध्ये गुंडाळला गेला आणि पैसे मिसिसिपीकडे वळले. एका ठिकाणी नको झालेलं यंत्र जवळपास दुपटीने मोठं होऊन दुसरीकडे आलं, तेव्हाच कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती.

पर्यावरणीय आढावा घेतला गेला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. १ जानेवारी १९७० पासून तिथे राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा आहे आणि सरकारी पैसा लागला की तो लागू होतो. अहवाल सरकारी खात्याच्या नावाने निघतो, त्याची जबाबदारीही खात्याचीच. कशाकशाचा अभ्यास करायचा हे ठरवण्याआधी लोकांना बोलावतात. मग मसुदा निघतो, त्यावर सुनावणी होते. लोकांनी काय म्हटलं आणि त्यावर खात्याचं उत्तर काय, हे अंतिम अहवालात छापलेलं असतं. केम्परचा मसुदा २००९ मध्ये आला, अंतिम अहवाल आणि खात्याचा निर्णय २०१० मध्ये. पाणथळ जागा, हवा, पाणी, खाण, वायूवाहिनी, सगळ्याची तपशीलवार नोंद होती. केंद्राला लागणारं पाणी नदीतून न उपसता मेरिडियन शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायचं, अशी तरतूदही होती. आपल्याकडच्या अहवालांशी तुलना केली तर मान खाली घालावी लागेल इतकं काम झालं होतं.

तरी मुख्य प्रश्न निसटला. ऊर्जा खात्याने स्वतःपुढे दोनच पर्याय ठेवले: अनुदान द्यायचं, किंवा द्यायचं नाही. त्याच पैशात नैसर्गिक वायूवर वीज केली तर, हा पर्याय त्या चौकटीबाहेर राहिला. खर्च रास्त आहे का, ग्राहकांना परवडेल का, हे बघायचं राज्याच्या वीज नियामक आयोगाने. आयोगाने २०१० मध्ये आधी २४० कोटी डॉलरची मर्यादा घातली. कंपनीने ‘जमणार नाही’ म्हटल्यावर महिनाभरात ती २८८ कोटींवर नेली, तीही दोन विरुद्ध एक मतांनी. ज्या पुराव्यावर हा निर्णय बदलला तो पुरेसा नाही, असं म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एकमताने परवानगी रद्द केली. सिएरा क्लब ही पर्यावरण संस्था त्यासाठी कोर्टात गेली होती. आयोगाने महिना-दीड महिन्यात पुन्हा परवानगी दिली. बांधकाम एक दिवस थांबलं नाही.

पुढचं सगळं जगजाहीर आहे. खर्च वाढत वाढत ७५० कोटी डॉलरपर्यंत गेला. त्या वेळच्या दराने सुमारे ४८ हजार कोटी रुपये. २०१३ पासून ग्राहकांच्या बिलात १८ टक्के वाढ झाली. ती बेकायदा असल्याचं न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं आणि पैसे परत करावे लागले. अलाबामातल्या चाचणी केंद्रात छोट्या आकारात चाललेली तंत्रं मोठ्या आकारात सलग चालेनात. २०१७ मध्ये गरम वायू थंड करणाऱ्या यंत्रणेच्या नळ्यांत गळती सापडली. त्याच वर्षी जूनमध्ये आयोगाने सांगून टाकलं की आता फक्त नैसर्गिक वायूवर चालवा, आणि कंपनीने वायूकरण थांबवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते लोखंडी मनोरे सुरुंग लावून पाडले. टर्बाइन मात्र नैसर्गिक वायूवर चालू आहेत. २००९-१० मध्ये चौकटीबाहेर ठेवलेला पर्याय शेवटी तिथे उभा आहे, फक्त कितीतरी पट महाग होऊन.

आता यात पर्यावरण कुठे आलं? आढाव्यात फायद्या-तोट्याचा जो ताळेबंद मांडला होता तो यंत्र चालेल, कार्बन ६५ टक्के पकडला जाईल या गृहीतकावर उभा होता. म्हणजे जंगल तुटणार, लिग्नाइटची खाण उघडणार, पाणथळ जागा बुजणार, हे सगळं जमेच्या एका मोठ्या रकमेसमोर लिहिलं होतं. जमेची ती रक्कम आलीच नाही. खर्चाची बाजू मात्र झालेली होती. खाण उघडून झाली होती, झाडं तोडून झाली होती. यंत्र चालण्याची शक्यता किती, हे न तपासता जो ताळेबंद मांडला जातो त्याला पर्यावरणीय मूल्यांकन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सगळीच वायूकरण केंद्रं अशी बुडत नाहीत. इंडियानातलं एडवर्ड्सपोर्ट हे ६१८ मेगावॅटचं केंद्र २०१३ मध्ये सुरू झालं आणि त्याने वीज दिली. पण तिथेही सुमारे दोनशे कोटी डॉलरचा अंदाज साडेतीनशे कोटींवर गेला आणि ग्राहकांच्या बिलावर किती टाकायचं याचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. मुद्दा हा की ‘चाललं नाही तर’ आणि ‘चाललं पण दुपटीला पडलं तर’ या शक्यता हवेतल्या नाहीत. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. दाभोळच्या एन्रॉनच्या विजेचा दर काय पडणार, हे ओरडून सांगणाऱ्यांना तेव्हा विकासविरोधी म्हटलं गेलं. २००१ मध्ये केंद्र बंद पडलं तेव्हा तेच आकडे सगळ्यांच्या तोंडी होते.

आपल्याकडची प्रक्रिया बघा. पर्यावरण मंजुरीची मूळ अधिसूचना १९९४ ची, जनसुनावणी आली १९९७ मध्ये, आणि सध्या चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना. प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणी घेतं, जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकारी अध्यक्षस्थानी असतात, तीस दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मंडप पडतो. पहिल्या दोन रांगा कंपनीच्या पाहुण्यांनी आणि आजी-माजी पदाधिकाऱ्यांनी भरलेल्या, कडेला पोलिसांची गाडी, मागे पुरी-भाजीची पाकिटं. सल्लागार संस्थेचा माणूस पडद्यावर स्लाइड दाखवतो. तीत ‘पीएम टेन’ आणि ‘एसओटू’चे आकडे सरकत जातात आणि सगळे मर्यादेच्या आत असतात. हातात मिळतो तो मराठी सारांश. सदर प्रकल्पामुळे लक्षणीय प्रतिकूल परिणाम संभवत नाही, हरितपट्टा विकसित करण्यात येईल, अशी ती भाषा. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत, जिल्हाधिकारी कार्यालयात नाहीतर जिल्हा परिषदेत, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत वाचायचा. ज्याला धान कापायचा आहे त्याने तो कधी वाचावा?

अमेरिकेशी तुलना करताना तीन फरक मला ठळक दिसतात. अभ्यास कशाचा करायचा हे ठरताना आपल्याकडे लोक नसतातच. ते येतात अहवाल तयार झाल्यावर. दुसरं म्हणजे अहवाल लिहिणारा सल्लागार कंपनीने नेमलेला आणि लोकांच्या हरकतींना उत्तरही कंपनीच देते, सरकार नव्हे. तिसरा फरक कुणी फारसा बोलत नाही, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. केम्परला आढावा लागू झाला तो सरकारने पैसे देऊ केले म्हणून. आपल्याकडे ८,५०० कोटींतलं अनुदान कुणाला द्यायचं याची निवड एका खोलीत होते आणि पर्यावरण मंजुरी दुसऱ्या खोलीत, नंतर. पैसे ठरलेले, सामंजस्य करार झालेला, मंत्र्यांचे फोटो आलेले, आणि मग गावाला विचारायचं की तुमचं काय म्हणणं आहे. त्यातही मंजूर औद्योगिक वसाहतीत प्रकल्प बसत असेल तर २००६ च्या अधिसूचनेत सुनावणीतूनच सूट मिळण्याची वाट आहे. एमआयडीसीची हद्द म्हणजे जणू गावाच्या नाकाची हद्द.

आणि केंद्राचा कल ही प्रक्रिया आणखी आखडण्याकडे होता, हे नव्या अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्यात दिसलंच. नोटिशीची मुदत तीसवरून वीस दिवसांवर आणायचं त्यात होतं. तो मसुदा आधी फक्त इंग्रजी-हिंदीत काढला होता. आठव्या अनुसूचीतल्या भाषांत तो आणा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. अमेरिकेतही वारं फिरलं आहे म्हणा. मे २०२५ मध्ये युटा राज्यातल्या एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आढाव्याची व्याप्ती आकुंचित केली.

भारतात वायूकरणाचा अनुभव नाही असंही नाही. तिरुचिरापल्लीला ‘भेल’ या सरकारी कंपनीने ६.२ मेगावॅटचं प्रायोगिक वायूकरण वीजकेंद्र १९८० च्या दशकात उभारलं होतं. अनेक दशकं उलटली, त्याचं मोठं व्यापारी भावंड देशात उभं राहिलेलं नाही. दुसरा अनुभव गुजरातमधल्या मोरबीचा. तिथल्या टाइल्सच्या कारखान्यांनी भट्ट्यांसाठी छोटे कोळसा गॅसिफायर बसवले. त्यातून निघणारं डांबर आणि फिनॉलचं सांडपाणी जायचं कुठे, याचं धड उत्तर कुणाकडे नव्हतं. ते उघड्यावर सोडलं जायचं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते सगळे गॅसिफायर बंद करायला लावले. मोठे, आधुनिक गॅसिफायर या बाबतीत बरेच चांगले असतात, हे खरं. पण ‘स्वच्छ कोळसा’ हे शब्द ऐकले की मोरबी आठवावं, एवढं तरी करायला हरकत नाही. राख कुठेही नाहीशी होत नाही आणि कार्बन पकडून पुढे काय करणार याचं उत्तर नसेल तर तो शेवटी आकाशातच जातो.

भद्रावतीकडे येऊ. हा भाग कोळशाला नवा नाही. जवळच चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली तेव्हा चंद्रपूरचा गुणांक ८३.८८ आला आणि ते देशातल्या सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांत जाऊन बसलं. इथल्या माणसाला प्रदूषण समजावून सांगायची गरज नाही. अंगणातल्या दोरीवरचे कपडे त्याला रोज सांगतात.

पण ‘चाललंच नाही तर’ हा प्रश्नही भद्रावतीला नवा नाही. १९९० च्या दशकात निप्पॉन डेन्रो कंपनीच्या वीजकेंद्रासाठी या तालुक्यातल्या गावांची शेकडो हेक्टर जमीन गेली. वीजकेंद्र झालंच नाही. एक युनिट वीज तयार झाली नाही, धुराचा एक लोट निघाला नाही. म्हणजे आघात मूल्यांकनाच्या तक्त्यात भरायला गेलं तर हवा शून्य, पाणी शून्य, राख शून्य. आणि तरी गावंच्या गावं त्या न झालेल्या प्रकल्पाची प्रकल्पग्रस्त आहेत. शेती गेली, नोकरी आली नाही, तेव्हाचा मोबदला केव्हाच संपला. तीच जमीन आता एमआयडीसीमार्फत नव्या वायूकरण प्रकल्पांकडे जाते आहे आणि लोक वाढीव मोबदला आणि नोकऱ्या मागत आंदोलनाला बसतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा भूमी बँकेला परत करायची तरतूद आहे, पण ती त्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीला. जुन्या जमिनी जुन्याच राहिल्या. अशा गावात जाऊन ‘प्रकल्प फसला तर’ हा विषय नाही म्हणणं याला निबरपणा लागतो.

यावर तीन उत्तरं नेहमी येतात. पहिलं देशाच्या गरजेचं. नैसर्गिक वायू, अमोनिया, मिथेनॉल आपण मोठ्या प्रमाणात आयात करतो, कोळसा घरचा आहे, मग तो का वापरू नये? हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. युद्ध कुठेही झालं की खताचा भाव विदर्भातल्या कृषी केंद्रात कळतो. पण आयात कमी करायची तर यंत्र चाललं पाहिजे. न चालणारं यंत्र आयात कमी करत नाही, कर्ज वाढवतं. म्हणजे ज्यांना हा कार्यक्रम मनापासून हवा आहे त्यांनीच हा प्रश्न सगळ्यांत मोठ्याने विचारायला हवा.

दुसरं उत्तर असं की गावातल्या माणसाला गॅसिफायरचं काय कळतं. केम्परमधल्या सामान्य ग्राहकाला तरी काय कळत होतं? पण एवढ्या मोठ्या आकारात हे आधी कुठे चाललंय का, आमच्याच लिग्नाइटवर चालवून पाहिलंय का, फसलं तर माझं बिल वाढणार का, हे विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. पदवीवाल्यांचा तिथे दुष्काळ नव्हता, आणि खर्च तिप्पट झाला तो त्यांच्याच सह्यांनी.

तिसरं, उशिराचं. सुनावण्यांमुळे प्रकल्प रखडतात म्हणे. केम्परमध्ये आढावा, सुनावणी, निर्णय मिळून साधारण दोन वर्षं गेली. बांधकाम आणि दुरुस्त्या यांत सात वर्षं गेली आणि शेवटी सुरुंग लावावे लागले.

मग मागायचं काय? अनुदानाचा पहिला हप्ता सुटण्याआधी सुनावणी, आणि प्रकल्प औद्योगिक वसाहतीत असो वा नसो, वायूकरणाला सूट नाही. पूर्ण अहवाल मराठीत. ज्या खाणीचा कोळसा वापरणार त्याच कोळशावर, त्याच जातीच्या गॅसिफायरवर सलग किती तास चाचणी झाली आणि कुठे, त्याचा अहवाल जोडलेला. खर्च दुप्पट झाला तर भार भागधारक, बँका, सरकार आणि ग्राहक यांच्यात कसा वाटला जाईल, याचं सही असलेलं एक पान. केम्परमध्ये मोठा तोटा शेवटी कंपनीच्या भागधारकांनी सोसला तो ग्राहक आणि संस्था वर्षानुवर्षं कोर्टात भांडले म्हणून. आपोआप झालं नाही. आणि प्रकल्प सोडून द्यायची वेळ आली तर जागा साफ करण्याची रक्कम आधीच बँक हमी म्हणून ठेवलेली असावी, जमीन कुणाकडे आणि किती वर्षांत परत जाणार तेही मंजुरीच्या अटींत लिहिलेलं असावं.

यातलं बरंच करायला अधिसूचना बदलावी लागेल आणि त्याला वेळ लागेल. पण एक गोष्ट आजच्या नियमांतही हाताशी आहे. सुनावणीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. शेवटी इतिवृत्ताचा सारांश उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो, मांडलेले मुद्दे आणि त्यावर कंपनीचं म्हणणं असा तक्ता त्याला जोडावा लागतो, आणि तो दिल्लीत किंवा मुंबईत मूल्यांकन समितीपुढे जातो. त्यामुळे अध्यक्षांनी ‘हा विषय नाही’ म्हटलं तर माइक सोडू नये. तेच वाक्य त्यांच्या नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावं. बोलून झाल्यावर तोच प्रश्न लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सारांश वाचला जाईपर्यंत मंडपातून उठू नये. बहुतेक सुनावण्यांत तोवर जेवणाची वेळ झालेली असते आणि खुर्च्या रिकाम्या असतात.